मोफत ऑनलाइन कोर्स: निवडायचा कसा आणि शेवटापर्यंत न्यायचा कसा

मोफत कोर्सला नाव घालायला दोन मिनिटं पुरतात, म्हणून माणूस एका रविवारी पाच कोर्सना नाव घालतो आणि महिन्याभरात पाचही सुटतात. कोर्सला पैसे लागत नसले तरी तास लागतातच, आणि मुंबईत नोकरी-घर सांभाळणाऱ्याकडे तेच कमी असतात. त्यामुळे आधी तासांचा हिशेब करा, विषय त्यानंतर.

एनपीटीईएल हा आयआयटींचा मोफत ऑनलाइन कोर्सचा उपक्रम. त्याच्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये साधारण ३० तासांची व्याख्यानं असतात. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये २०, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये १०. हे फक्त बघण्याचे तास झाले. थांबवून पुन्हा बघणं, टिपणं काढणं आणि स्वाध्याय सोडवणं धरलं की आकडा दुप्पट होतो. म्हणजे बारा आठवड्यांच्या कोर्सला आठवड्याला पाच तास. डोंबिवली किंवा विरारहून रोज फोर्टात जाणाऱ्याला हे पाच तास कुठून मिळणार ते कागदावर लिहा: मंगळवार रात्री एक, गुरुवार रात्री एक, शनिवार दुपारी दोन, रविवार सकाळी एक, असं. पाच तास सापडले नाहीत तर बारा आठवड्यांच्या कोर्सला हात लावू नका, चार आठवड्यांचा घ्या. एका वेळी एकच. एक संपल्याशिवाय दुसऱ्याला नाव घालायचं नाही, हा नियम कितीही कडक वाटला तरी पाळाच.

कशासाठी कुठे जायचं

संगणकाची भीती मोडायची असेल तर पवईच्या आयआयटीचं स्पोकन ट्युटोरियल सगळ्यात आधी बघावं. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, अनेकांचा आवाज मराठीत, आणि विषय अगदी कामाचे: लिबर ऑफिसमध्ये पत्र लिहिणं, कॅल्कमध्ये हिशेबाची शीट करणं, गिम्पमध्ये फोटो दुरुस्त करणं, पुढे लिनक्स आणि पायथन. शिकण्याची पद्धतही ठरलेली आहे. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि उरलेल्या अर्ध्यात ते सॉफ्टवेअर उघडायचं. धड्यात एक कृती झाली की थांबवायचं, तीच आपण करायची आणि मग पुढे जायचं. नुसतं बघत गेलात तर दहावा धडा संपल्यावरही हाताला काही येत नाही. घरी संगणक नसेल तर धडा मोबाइलवर लावा आणि कृती सायबर कॅफेच्या किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर करा. कॅल्कवर शिकलेली बेरजेची, सरासरीची, अटींची सूत्रं एक्सेलवर जवळजवळ तशीच चालतात, त्यामुळे ऑफिसात एक्सेल असलं तरी मेहनत वाया जात नाही. आवाज मराठी असला तरी पडद्यावरचा मेन्यू इंग्रजीच राहतो. हे सोयीचंच आहे, कारण ऑफिसातही तोच मेन्यू समोर येणार.

शाळेतलं गणित कच्चं राहिलं असेल तर खान अकॅडमी. तिथे मराठीतही बरंच साहित्य आहे. लाज न बाळगता अपूर्णांक, गुणोत्तर आणि शेकडेवारीपासून सुरुवात करा. आधी घटक चाचणी द्या आणि जिथे चुकलात तेवढेच धडे बघा. पहिल्यापासून सगळे धडे बघत बसलात तर येणाऱ्या गोष्टींवरच महिना जाईल. खान अकॅडमीकडून नोकरीत दाखवण्यासारखं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ज्याला पाया भरायचा आहे त्याला ते लागतही नाही.

दहावी राहून गेली असेल तर मात्र कुठलाही ऑनलाइन कोर्स तिची जागा घेत नाही. त्यासाठी रात्रशाळा किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा असे रस्ते आहेत. परीक्षेला शुल्क भरावं लागतं, अभ्याससाहित्य मात्र मोफत मिळतं.

पदवीच्या तोडीचा विषय शिकायचा असेल तर स्वयम आणि एनपीटीईएल. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर. प्रोग्रामिंगसाठी हार्वर्डचा सीएस५०, डेव्हिड मॅलन शिकवतात तो. सुरुवात स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या सोप्या भाषेपासून, पण चढण लगेच उभी होते आणि एकेका व्याख्यानालाच दोन तासांच्या आसपास लागतात. सगळे प्रश्नसंच आणि शेवटचा प्रकल्प पूर्ण केला की हार्वर्डच्या बाजूने प्रमाणपत्र मोफत मिळतं. तोच कोर्स एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरून घेतला तर तिथल्या प्रमाणपत्राला पैसे पडतात. या दोन वाटांमध्ये बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून नाव घालताना आपण कुठल्या पानावर आहोत ते बघा. वेबसाइट बनवायला शिकायची असेल तर फ्रीकोडकॅम्प बरा. सगळं ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. पण कोड लिहायला कीबोर्ड हवाच. मोबाइलवर सुरू करणारे पहिल्याच प्रकल्पावर अडतात.

उच्च गणित किंवा विज्ञान मनापासून आवडतं आणि कागदाची गरज नाही, अशांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या साइटवर जावं. खातं उघडायचं नाही, मुदत नाही. व्याख्यानं, टिपणं, जुने पेपर आणि कित्येक कोर्सची उत्तरंही उतरवून घेता येतात. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्यानं तिथेच आहेत.

वाचून शिकणं ज्यांना सोसतं त्यांच्यासाठी दोन जागा फार कामाच्या आहेत आणि त्यांची चर्चा कमी होते. इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर इतिहास, अर्थशास्त्र, ग्रंथालयशास्त्र अशा विषयांच्या अभ्यासपुस्तिका पीडीएफमध्ये मोफत मिळतात. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या ओपनलर्नवर काही तासांचे छोटे कोर्स आहेत. ते बहुतांशी मजकुराचे असल्यामुळे मोबाइलमध्ये उतरवून कुठेही वाचता येतात आणि संपवल्यावर सहभागाचं पत्र मोफत मिळतं.

स्वयम: नाव घालण्यापासून निकालापर्यंत

स्वयम हा केंद्र सरकारचा मंच, २०१७ साली सुरू झालेला. एनपीटीईएल त्याआधीचा, २००३ सालचा. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा (आयआयएससी) हा उपक्रम आता स्वयमच्या छत्राखाली चालतो. नावातल्या ‘टेक्नॉलॉजी’ या शब्दामुळे तो फक्त इंजिनीअरांसाठी वाटतो. तसं नाही, तिथे मानसशास्त्र आहे, इंग्रजी आहे, व्यवस्थापनही आहे. शिकणं पूर्ण मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिला शुल्क असतं, एनपीटीईएलसाठी एका कोर्सला साधारण हजार रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत असते.

वर्षात दोन सत्रं असतात: जानेवारी ते एप्रिल आणि जुलै ते ऑक्टोबर. कुठलं घ्यायचं हे आपलं कॅलेंडर बघून ठरवा. लेखा विभागात असाल तर जानेवारीचं सत्र थेट मार्चअखेरच्या धबडग्यात येतं. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तरी तेच. जुलैच्या सत्रात पाऊस, गणपती आणि नवरात्र येतात. इथे एनपीटीईएलचा एक नियम नीट समजून घ्या. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळे स्वाध्याय मोजत नाहीत, सर्वांत चांगल्या आठांची सरासरी धरतात. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये सहा, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये तीन. म्हणजे मोठ्या कोर्समध्ये चार आठवडे सुटले तरी चालतं. ही रजा म्हणून आधीच वाटून ठेवा: गणपतीचे दोन आठवडे, बाकीचे दोन आजारपणाला नाहीतर पाहुण्यांना. पहिल्या चार आठवड्यांत आळसापायी ती सगळी खर्च केलीत तर गणपतीत कोर्स बुडाला म्हणून समजा.

गुणांचा हिशेब असा. स्वाध्याय २५ गुणांचे, परीक्षा ७५ गुणांची. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०, दोन्ही हवेत. परीक्षेत ७० मिळाले आणि स्वाध्यायात ८, तरी प्रमाणपत्र नाही. कष्टाळू माणसं नेमकी इथेच फसतात. विषय येत असतो, म्हणून स्वाध्याय बाजूला ठेवून ते थेट परीक्षेची तयारी करतात. एकूण ६० किंवा त्याहून जास्त मिळाले तर प्रमाणपत्रावर ‘एलिट’ असा शेरा येतो.

स्वाध्याय भरण्याची मुदत बहुतेक कोर्समध्ये बुधवारी रात्री ११:५९ असते. बुधवारी भरायला बसू नका. रविवारी जमेल तसा एकदा भरून टाका. मुदतीपर्यंत कितीही वेळा बदलता येतो आणि शेवटचा भरलेला धरला जातो. बुधवारी लोकल रखडली, वीज गेली, नेट बसलं, तरी रविवारचा हाताशी असतो.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा. कोर्सला नाव घालणं म्हणजे परीक्षेला नाव घालणं नव्हे. परीक्षेचा अर्ज वेगळा. तो कोर्स सुरू झाल्यावर उघडतो आणि काही आठवड्यांत, साधारण फेब्रुवारी किंवा ऑगस्टच्या मध्याला, बंद होतो. तोवर तुम्ही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असता, परीक्षा लांब वाटते आणि तारीख निसटते. नंतर विनवण्या करून उपयोग होत नाही. नाव घातलं त्याच दिवशी कोर्सच्या पानावरच्या, अर्ज उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या, दोन्ही तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि आदल्या आठवड्याची आठवण लावा.

अर्जातल्या नावाबद्दलही जपून. प्रमाणपत्रावर अर्जात लिहिलंत तेच नाव छापून येतं. आपल्याकडे आधी आडनाव की आधी स्वतःचं नाव, वडिलांचं घालायचं की नाही, लग्नानंतरचं की आधीचं, याचे चार प्रकार चार कागदांवर असतात. परीक्षेच्या दाराशी दाखवायच्या ओळखपत्रावर जे नाव आहे, अक्षरासकट तेच अर्जात लिहा. पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर हे प्रमाणपत्र पुढे कुठल्या कागदाबरोबर जोडायचं आहे ते आधी ठरवा आणि त्या नावाचं ओळखपत्र जवळ ठेवा.

चालू असलेल्या पदवीसाठी हे गुण धरायचे असतील तर आधी आपल्या कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा. चार आठवड्यांना एक, आठला दोन, बाराला तीन श्रेयांक (क्रेडिट) असा सर्वसाधारण हिशेब आहे, पण कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या बदल्यात चालेल हे कॉलेज ठरवतं. कोर्स संपल्यावर विचारणाऱ्यांच्या पदरी निराशा येते.

‘मोफत’ लिहिलेलं नीट वाचा

कोर्सेरा आणि एडएक्स हे दोन्ही मंच २०१२ साली सुरू झाले. दोन्हींवर उत्तम प्राध्यापक आहेत, पण मोफत आणि पैशाचा भाग एकाच पानावर असतो. कोर्सेरावर नाव घालताना मोठं बटण सात दिवसांच्या मोफत चाचणीचं (ट्रायलचं) दिसतं. त्यात कार्ड किंवा यूपीआयची परवानगी मागतात आणि आठव्या दिवसापासून पैसे कापले जातात. पूर्वी बऱ्याच कोर्समध्ये त्याच खिडकीत खाली, बारीक अक्षरात ‘ऑडिट’चा पर्याय असायचा. त्याने व्याख्यानं बघता यायची, पण गुण आणि प्रमाणपत्र मिळत नसे. आता बऱ्याच कोर्समध्ये मोफत फक्त पहिला भागच उघडतो, म्हणून चार दिवस गुंतण्याआधी दुसरा भाग उघडतो का ते बघा. चाचणी घेतलीच असेल तर त्याच दिवशी यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे उघडून ती परवानगी रद्द करा. सातव्या दिवसावर ठेवू नका.

पैसे परवडत नसतील तर कोर्सेरावर आर्थिक साहाय्याचा अर्ज करता येतो. त्यात आपलं उत्पन्न, हा कोर्स कशासाठी हवा आणि त्याचा पुढे काय उपयोग करणार, हे लिहायचं असतं. दुसऱ्याचा मजकूर उतरवून लावू नका. ‘दादरच्या दुकानात हिशेब बघतो, महिन्याला इतके मिळतात, डेटा विश्लेषण शिकलो तर साठ्याचा अंदाज बांधता येईल’ असं साधं, खरं लिहा, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. उत्तराला दोन-अडीच आठवडे धरा. एडएक्सवर मोफत वाटेला मुदत असते. ती संपली की कोर्स बंद होतो, म्हणून टिपणं बाहेर वहीत हवीत.

‘कोर्स मोफत, फक्त प्रमाणपत्राचे ४९९’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. कोण शिकवतं, परीक्षा कुठे आणि प्रमाणपत्र तपासायचं कसं, या तीन प्रश्नांची उत्तरं पानावर नसतील तर पैसे देऊ नका. मालकाला असा कागद एका नजरेत कळतो.

डेटा, लोकल आणि जागा

व्हिडिओ ३६० पिक्सेलवर ठेवला तर तासाला साधारण ३०० एमबी जातात, ७२० वर त्याच्या तिपटीच्या आसपास. फळ्यावरची अक्षरं ३६० वर बहुधा वाचता येतात, नाही आली तरच वाढवा. या हिशेबाने बारा आठवड्यांचा सगळा कोर्स नऊ जीबीत बसतो, म्हणजे आठवड्याला पाऊण जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमधला उरलेला डेटा मध्यरात्री संपतो, तेव्हा रात्री अकराला पुढच्या दोन दिवसांची व्याख्यानं उतरवून घ्यायची सवय लावा. यूट्यूबच्या ॲपमध्ये उतरवलेला व्हिडिओ काही दिवसांनी पुन्हा नेट मागतो. एनपीटीईएलच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेली फाईल तसं करत नाही.

लोकलमध्ये काय होतं आणि काय होत नाही हे आधीच मान्य केलेलं बरं. कल्याण, विरार किंवा पनवेलहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळालं तर नवं व्याख्यान बघता येतं. ठाण्याला किंवा अंधेरीला चढणाऱ्याने तो नाद सोडावा. उभ्याने होणारं काम वेगळं: काल पाहिलेलं व्याख्यान नुसतं ऐकणं, किंवा आधी वाचलेल्या टिपणाची उजळणी. ऐकण्यासाठी फक्त आवाजाची फाईल ठेवली तर तासाला तीसेक एमबी पुरतात. गणिताचं नवं प्रकरण कानाने कधीच शिकता येत नाही. आणि दारात उभं राहून मोबाइल हातात धरू नका, गाडी हळू झाली की रुळाकडून काठीचा फटका मारून मोबाइल पाडणारे असतात.

घरी एकाच खोलीत टीव्ही, पोरं आणि अभ्यास असेल तर वॉर्डातली महापालिकेची किंवा एखाद्या मंडळाची अभ्यासिका शोधा. तिथे एमपीएससीची मुलं रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात आणि त्यांच्यात बसलं की आपलंही मन लागतं. प्लग मिळेल का, वेळा काय, आणि नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसाला घेतात का, हे फोनवर न विचारता जाऊन विचारा.

इंग्रजी अडतं तेव्हा

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना वाटतं विषय अवघड आहे. पुष्कळदा विषय येत असतो, फक्त शब्द अनोळखी असतो. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात ‘मीन, मीडियन, मोड’ ऐकून घाबरलेल्या माणसाने शाळेत मध्य, मध्यक आणि बहुलक काढलेले असतात. ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ म्हणजे प्रमाण विचलन. वहीच्या मागच्या पानापासून दोन रकाने करा, डावीकडे कोर्समधला शब्द, उजवीकडे मराठी. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन मोफत आहेत, तिथे बहुतेक शब्द सापडतात. संकल्पनाच कळली नसेल तर मराठी विश्वकोशातली नोंद वाचा, तोही मोफत आहे. एनपीटीईएलच्या व्याख्यानांची लिखित प्रतही मिळते आणि काही कोर्सची मराठीत भाषांतरित. आधी पाच मिनिटं ती चाळून मग व्याख्यान लावलं तर वक्त्याचा दक्षिणी किंवा बंगाली उच्चार फारसा त्रास देत नाही. वेग ०.७५ करता येतो, यात कमीपणा काही नाही.

अभ्यासाला बसल्यावर वीस मिनिटं बघा, बंद करा, आणि न बघता तीन ओळी लिहा. नाही लिहिता आल्या तर तेवढाच तुकडा पुन्हा. पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कारण समोरचा सोपं करून सांगत असतो. स्वतः लिहायला लागलो की राहिलेली भोकं दिसतात. याच विषयावर बार्बरा ओकली आणि टेरेन्स सेज्नोव्स्की यांचा ‘लर्निंग हाऊ टू लर्न’ हा छोटा कोर्स कोर्सेरावर आहे. बऱ्याच वर्षांनी वही उघडणाऱ्याने पहिला कोर्स हाच केला तरी चालेल.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दमछाक होते, जवळपास सगळ्यांची. मागे पडलात तर पहिल्यापासून भरून काढत येऊ नका. चालू आठवड्याचा स्वाध्याय आधी भरा, मागचं रविवारी थोडं थोडं बघा. मागचं संपवून मग पुढे जाऊ म्हणणारा मागेच राहतो.

परीक्षेचा दिवस

एनपीटीईएलची परीक्षा शनिवार-रविवारी असते, सकाळी नऊ ते बारा किंवा दुपारी दोन ते पाच. अर्जात शहर निवडता येतं, केंद्र नाही. त्यामुळे दहिसरच्या माणसाला केंद्र घराजवळच मिळेल असं धरून चालू नका. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांतलं कुठलं शहर आपल्या रेल्वेमार्गाला सोयीचं ते अर्ज भरतानाच बघा. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो चालेल या भरवशावर जाऊ नका. मोबाइल आत नेता येत नाही, मग पिशवी कुठे ठेवणार हेही ठरवून निघा. शनिवारी संध्याकाळी रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी वाचा: कुठल्या मार्गावर, कुठल्या वेळेत, हार्बर बंद आहे का. दुपारच्या परीक्षेला ब्लॉक लागण्याआधीची गाडी पकडा आणि केंद्राजवळ कुठेतरी चहा घेऊन स्वाध्यायांची उत्तरं एकदा चाळा, कारण परीक्षेतले बरेच प्रश्न त्याच धाटणीचे असतात.